दुसरा ग्लास

“अहो, उठा आता. दुसऱ्यांदा पाणी आणून ठेवलंय त्याने. निघा म्हणतोय.”

दुपारचे साडेचार. व्हिएन्नाच्या जुन्या भागातलं एक कॉफी हाउस. बाहेर बारीक पाऊस, आत ओल्या लोकरीचा आणि भाजलेल्या कॉफीचा एकत्र वास. शेजारच्या टेबलावर साठी ओलांडलेलं मराठी जोडपं, समोर दोन मेलांज कॉफ्या, सफरचंद भरलेला एक आपफेलश्ट्रूडेल आणि दोन काटे. कप रिकामे होऊन वीस मिनिटं झाली असतील. काळ्या कोटातला वेटर आला, न बोलता रिकामे ग्लास उचलले, भरलेले दोन ठेवले आणि गेला. त्यावर काकूंनी शाल सावरली आणि वरचं वाक्य म्हटलं. “अगं, पण बिल कुठे दिलंय?” हा काकांचा प्रश्न रास्त होता. काकूंकडे उत्तर तयार होतं. “तेच तर. तोंडाने कसा सांगेल? म्हणून पाणी.” मग काकांनी कोट चढवला, पाकीट हातात धरून काउंटरजवळ जाऊन उभे राहिले, आणि उरलेला श्ट्रूडेल कागदी रुमालात गुंडाळून काकूंच्या पर्समध्ये गेला. वेटर गोंधळून धावत आला. दाराची घंटी वाजली आणि दोघं पावसात दिसेनासे झाले. पाण्याला कोणी हातही लावला नव्हता.

त्या दुसऱ्या ग्लासचा अर्थ नेमका उलटा असतो. शेजारून एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललं गेलं नाही.

काकूंचं काही चुकलं होतं असंही नाही. आपल्याकडे हॉटेलातून उठवण्याची भाषा पुरती ठरलेली आहे. उडुपी हॉटेलात शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेच्या बशीतून बिल येतं. “आणखी काही?” या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं गृहीत धरूनच तो विचारला जातो. त्यानेही भागलं नाही तर ओलं फडकं टेबलावर आपल्या कोपराला वळसा घालून फिरतं. रविवारी थाळीच्या ठिकाणी तर मागे उभ्या असलेल्या माणसाचं पोट आपल्या खुर्चीच्या पाठीला टेकलेलं असतं आणि तो मठ्ठ्याच्या वाटीकडे बघत असतो. एवढ्या तालमीत वाढलेल्या माणसाने न मागता आलेल्या पाण्याचा अर्थ ‘बोळवण’ असा लावला तर त्याला काय म्हणणार?

व्हिएन्नात कॉफी एकटी येत नाही. लहान लंबगोल धातूचा ट्रे येतो, त्यावर कप-बशी, साखर आणि पाण्याचा छोटा ग्लास. चमचा ग्लासच्या तोंडावर आडवा, खोलगट बाजू खाली करून ठेवलेला. हे पाणी फुकट असतं आणि नळाचं असतं. त्यात कमीपणा नाही, उलट शहराला त्याचा अभिमान आहे. १८७३ साली, जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी, श्नेबर्ग आणि राक्स या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी शहरात आलं. एदुआर्द झ्यूस या भूवैज्ञानिकाने त्या योजनेचा पाठपुरावा केला होता. त्याआधी विहिरींचं पाणी आणि त्यामागून येणारे पटकी-विषमज्वर ही शहराची रोजची कटकट होती. दुसरी पाइपलाइन १९१० सालची, होखश्वाब डोंगरातून येणारी. पाणी वाहतं ते नुसत्या उतारावर, पंपाने ढकललेलं नाही. पहिल्या वाटेने शहरात पोहोचायला त्याला साधारण एक दिवस लागतो, दुसऱ्या वाटेने दीड. ग्लासला बाहेरून दव धरतं ते त्यामुळेच. ते थंड असतं आणि बर्फ लागत नाही. कॉफीबरोबर ते पैसे न घेता मिळतं, पण वाइन मागवून वर नळाचं पाणी मागितलं तर आता बऱ्याच ठिकाणी त्याचे थोडे पैसे लावतात. बिलावर ती ओळ दिसली तर फसवलं असं समजू नये.

कप रिकामा झाला तरी ग्लास पुन्हा भरून येतो, म्हणजे ‘बसा, तुमचं चालू द्या’. पूर्वी हे काम पिकोलोचं, म्हणजे उमेदवारी करणाऱ्या पोराचं असे. आता ओबर, म्हणजे वेटर, स्वतःच करतो. ऑस्ट्रियाने २०११ साली व्हिएन्नाच्या कॉफी हाउस संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. तिथे वेळ आणि जागा वापरली जाते आणि बिलावर मात्र फक्त कॉफी लागते, असा त्या नोंदीचा आशय आहे. मेलांजला आज पाच ते सात युरो पडतात. रुपयात गुणलं की पोटात गोळा येतो. पण खिडकीजवळचं टेबल, लाकडी दांडीत अडकवलेली दिवसभराची वर्तमानपत्रं, उबदार खोली आणि कोणीही न हलवण्याची हमी हे सगळं त्या एका कपात धरलेलं असतं. कपभर पिऊन दहा मिनिटांत उठणारा माणूस खरं तर निम्मा माल तिथेच टाकून जातो.

कॉफी मागवताना नुसतं ‘कॉफी’ म्हटलं की ओबरची भुवई वर जाते, कारण त्या नावाचा पदार्थ यादीत नाही. क्लाइनर श्वार्झर म्हणजे लहान काळी. क्लाइनर ब्राउनर म्हणजे तीच, सोबत चिमुकल्या जगमध्ये सायीचं दूध, किती घालायचं ते आपल्या हातात. फेर्लेंगर्टर म्हणजे गरम पाणी घालून लांबवलेली, फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना ‘पांचट’ वाटेल अशी. मेलांज म्हणजे निम्मं दूध आणि वर फेस. फ्रान्झिस्कानर म्हणजे तीच, फेसाऐवजी फेटलेली साय. आणि आइनश्पेनर ही काचेच्या ग्लासात, दुप्पट कडक काळी, वर साखर नसलेल्या फेटलेल्या सायीचा गड्डा. आइनश्पेनर म्हणजे एका घोड्याची गाडी. गाडीवान एका हातात लगाम आणि दुसऱ्यात ग्लास धरत, आणि सायीच्या झाकणामुळे खालची कॉफी गरम राही, अशी नावामागची गोष्ट सांगतात. ती ढवळायची नाही. थंड साय ओठाला लागते आणि तिच्या खालून कडू गरम धार येते, यातच तिची मजा. ढवळली की करड्या रंगाचं कोमट दूध उरतं.

वेटरला ‘हेर ओबर’ म्हणायचं. चुटकी नाही, ‘हॅलो’ नाही. नजरेला नजर मिळेपर्यंत थांबायचं, आणि त्याला नजर मिळवायची घाई नसते. व्हिएन्नाचा ओबर तुसडा म्हणून प्रसिद्ध आहे आणि शहराला त्याचंही कौतुक आहे. पुण्याच्या दुकानदाराविषयी पुणेकर ज्या सुरात बोलतात ना, तोच सूर. पण हा तुसडेपणा आणि सरळ दुर्लक्ष यांतली रेघ बारीक आहे. जिथे दारात पर्यटकांची रांग लागते तिथे ती रेघ पुसलीही जाते. १८७६ सालच्या काफे सेंट्रालमध्ये आज रांगेत उभं राहून आत जायचं, दाराजवळ बसलेल्या पेटर आल्टेनबर्गच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायचा आणि बाहेर यायचं. हा लेखक आपली टपालंही तिथल्याच पत्त्यावर मागवायचा. मागे भिजत उभी असलेली रांग काचेतून दिसत असताना तासन्‌तास बसायची हमी कितपत खरी मानायची, हे ज्याने त्याने ठरवावं. कॉफी हाउस म्हणजे काय ते बघायचं असेल तर सकाळी दहाला, मंगळवार-बुधवारी, गुंपेनडॉर्फर श्ट्रासवरच्या १८८० सालच्या काफे श्पेर्लमध्ये जावं. आत बिलियर्डची टेबलं आहेत आणि त्यांतल्या एकावर वर्तमानपत्रं पसरलेली असतात.

तुर्कांनी १६८३ साली वेढा उठवला, मागे कॉफीच्या गोण्या राहिल्या आणि कोल्शिट्स्की नावाच्या हेराने त्यांतून पहिलं कॉफी हाउस काढलं, ही कथा प्रत्येक गाइड सांगतो. कथा झकास आहे, पण कागदोपत्री पहिला परवाना १६८५ सालचा आहे आणि तो योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या नावावर आहे. बसायच्या खुर्च्यांचा इतिहास मात्र चोख आहे. मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची, १८५९ सालची: बीच लाकूड वाफवून वाकवलेलं, सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि बोटीने जगभर जात. मुंबईच्या इराण्याकडे बन-मस्का खाताना पाठीला जी गोल वाकवलेली लाकडी कमान लागते, ती याच घराण्यातली. इराण्याकडे एका चहावर बसू देत, पण समोरच्या पाटीवर काय काय करू नये त्याची यादीही असे. व्हिएन्नात पाटी नाही, ओबरचा चेहराच पुरतो.

काफे हावेल्काची गोष्ट थोडी वेगळी. डोरोथेअरगासमधल्या या अंधाऱ्या, खोलगट जागेच्या भिंती दशकानुदशकं सिगरेटच्या धुराने तपकिरी झालेल्या. १ नोव्हेंबर २०१९ पासून ऑस्ट्रियात उपाहारगृहात ओढायला पूर्ण बंदी आहे, तरी भिंतींनी रंग सोडलेला नाही. लेओपोल्ड आणि योसेफीने हावेल्का या नवरा-बायकोने १९३९ साली ते सुरू केलं. योसेफीने रात्री उशिरा बुख्टेल्न भाजून आणायच्या. यीस्टच्या कणकेचे लुसलुशीत पाव, पोटात पोविडल, म्हणजे प्लम तासन्‌तास आटवून केलेला साखर न घातलेला मुरंबा, वर पिठीसाखर. ताटात एकमेकांना चिकटून भाजलेले असल्यामुळे बाजू पांढऱ्या, मऊ राहतात, फक्त डोकं लालसर होतं. त्या २००५ साली गेल्या, लेओपोल्ड २०११ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. बुख्टेल्न अजून मिळतात आणि अजून गरमच खायच्या असतात, कारण गार झाल्या की यीस्टचा पाव अर्ध्या तासात चिवट होतो.

पण या शहरात जेवण म्हटलं की गाडी श्निट्सेलवर, म्हणजे थापून, चुरा लावून तळलेल्या मांसाच्या तुकड्यावर येते, आणि तिथे संथपणा संपतो.

ऑस्ट्रियाच्या अन्नसंहितेनुसार ‘वीनर श्निट्सेल’, म्हणजे ‘व्हिएन्नाचं श्निट्सेल’, हे नाव फक्त वासराच्या मांसाला लावता येतं. डुकराचं असेल तर मेनूवर तसं लिहावं लागतं. गंमत अशी की ज्याच्यासाठी लोक गल्लीत तासभर रांग लावतात, त्या १९०५ सालच्या फिग्लम्युलरचं ताटाबाहेर लोंबणारं, ३० सेंटिमीटर व्यासाचं, अडीचशे ग्रॅमचं श्निट्सेल डुकराचं आहे, म्हणून त्याला ते ‘वीनर’ म्हणत नाहीत. चांगल्या बाइझलमध्ये, म्हणजे लाकडी तक्तपोशीच्या, पाटीवर खडूने मेनू लिहिणाऱ्या साध्या खाणावळीत, ऑर्डर दिल्यावर आतून धप्‌ धप्‌ आवाज यायला हवा. तो आला नाही तर उठावं, कारण सकाळीच थापून, चुरा लावून रचून ठेवलेल्या श्निट्सेलचा चुरा मांसाच्या ओलाव्याने भिजतो, आणि मग तो तव्यात फुगत नाही, चिकटून बसतो.

नीट होतं तेव्हा असं होतं. मांडीचा दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅमचा तुकडा आडवा चिरून पुस्तकासारखा उघडतात, प्लॅस्टिकमध्ये ठेवून चार ते सहा मिलिमीटरपर्यंत थापतात, कडांना चिरा देतात म्हणजे तापल्यावर तो वाटीसारखा आक्रसत नाही. मीठ. मग मैदा, जास्तीचा झटकून टाकलेला. मग अंडं, काट्याने जेमतेम मोडलेलं. फार फेटलं की ते पातळ होऊन ओघळून जातं. मग कालच्या कायझरझेमेल पावाचा चुरा, आणि इथेच बहुतेकांचा हात चुकतो. चुरा दाबायचा नाही. कटलेटला आपण रवा थापतो तसा थापला की कवच मांसाला घट्ट बसतं आणि मधे वाफेला जागा उरत नाही. चुऱ्यातून फक्त उलटवायचं, झटकायचं आणि लगेच कढवलेल्या लोण्यात किंवा डुकराच्या चरबीत सोडायचं, दोन-तीन सेंटिमीटर खोल, १६० ते १७० अंशांवर, पोहायला जागा हवी. कढई सतत गोल हलवत राहायची म्हणजे गरम तूप वरून लाटेसारखं फिरतं. मांसातली वाफ कवचाला आतून ढकलते, ते मांसापासून सुटतं आणि त्यावर सुरकुतलेल्या रेशमासारख्या लाटा उठतात. एका बाजूला दीड-दोन मिनिटं. तूप थंड असलं तर चुरा ते पिऊन टाकतो, फार तापलं तर आतलं शिजायच्या आत बाहेरचं काळं पडतं. साधलेल्या श्निट्सेलवर पांढरी पँट घालून बसलं तरी डाग पडता कामा नये, असं तिथले लोक म्हणतात. सोबत लिंबाची फोड. ग्रेव्ही नाही, सॉस नाही. सुरीने कापताना येणारा कुरकुर आवाज सॉसखाली मरतो, म्हणून.

श्निट्सेलबरोबर येणारं बटाट्याचं सॅलड शाकाहारी माणसाला फार सहज गोत्यात आणतं. त्यात मेयोनीज नसतं, दिसायला निरागस असतं. चिकट जातीचे बटाटे सालासकट उकडून, गरम असतानाच सोलून काप केलेले, लाल कांदा, व्हिनेगर, मोहरीची चटणी, तेल. पण त्याला जी मखमली लकाकी असते ती बहुधा गोमांसाच्या गरम रश्शाची. गरम काप तो रस्सा पितात आणि त्यातला स्टार्च सुटून दाट होतो. भाज्यांच्या सूपचीही तीच कथा. चुऱ्यात घोळलेल्या चीजचा तुकडा मागवावा तर तो श्निट्सेलच्याच तुपात तळलेला. स्पष्ट विचारलं तर स्पष्ट सांगतात, गृहीत धरू नये एवढंच. अंडं चालत असेल तर आयरनोकर्ल, म्हणजे कणकेचे अंड्यात परतलेले गोळे, हिरव्या सॅलडबरोबर. पोट भरतं आणि खिसाही रिकामा होत नाही. खऱ्या श्ट्रूडेलच्या पारीत अंडं नसतं, नुसतं पीठ, पाणी, तेल. ती टेबलावर कापड पसरून हाताच्या मागच्या बाजूने ओढत नेतात, खालचं छापील दिसेपर्यंत. आत सफरचंद आणि लोण्यात परतलेला पावाचा चुरा, तो सफरचंदाचं पाणी धरून ठेवतो. पर्समध्ये गेलेला श्ट्रूडेल बहुधा तासाभरात ओला पडला असेल.

उकडलेल्या गोमांसाचा या शहराला किती नाद आहे ते सगळ्यांना रुचेल असं नाही, पण सांगितल्याशिवाय व्हिएन्ना पुरी होत नाही. टाफेलश्पिट्झ, म्हणजे हेच उकडलेलं गोमांस, तांब्याच्या भांड्यात येतं आणि त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी रस्सा, त्यात धिरड्याच्या पातळ पट्ट्या. मग भाजलेल्या काळ्या पावावर नळीतला मगज आणि मीठ. शेवटी मांस, सोबत किसलेलं सफरचंद-हॉर्सरॅडिश. हॉर्सरॅडिश नाकात चढतं, आणि मऊ, जवळजवळ बेचव मांसाला नेमकं तेच हवं असतं. नोयर मार्क्टवरच्या माइसल उंट शाडन हॉटेलात पूर्वी उकडलेल्या मांसाचे दोन डझन प्रकार मिळत. २१ ऑक्टोबर १९१६ रोजी ऑस्ट्रियाचे पंतप्रधान काउंट कार्ल फोन श्ट्युर्ख त्याच हॉटेलात दुपारचं जेवत असताना समाजवादी फ्रीडरिश आडलरने त्यांना गोळ्या घातल्या. इतर गिऱ्हाइकांनी पुढे काय केलं असेल, असा प्रश्न दर वेळी मनात येतो. ताट अर्धं टाकून उठले असतील की हेर ओबरची वाट बघत बसले असतील?

झाखर तोर्टे या प्रसिद्ध चॉकलेट केकवर शब्द खर्च करायची इच्छा नाही. १८३२ साली फ्रान्झ झाखरने केली, ‘अस्सल’ कोणाची यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल हे मिठाईचं दुकान यांचं भांडण कोर्टात गेलं आणि १९६३ साली मिटलं. केक कोरडाच असतो, म्हणून शेजारी बिनसाखरेची फेटलेली साय असते आणि प्रत्येक घासाला ती घ्यायची असते. साय बाजूला ठेवून ‘सुका आहे’ म्हणणाऱ्यांनी ढोकळा चटणीशिवाय खाऊन बघावा.

बाइझलमध्ये टेबलावर पावाची टोपली असते. ती फुकट नसते आणि मोजूनही ठेवलेली नसते. पैसे देताना ओबर विचारतो, पाव किती? आपण सांगू तो आकडा तो मान्य करतो. कोल्हापुरात मिसळीच्या गल्ल्यावर मालक ‘पाव किती झाले?’ विचारतो आणि लिहून घेतो, अगदी तस्सं. हा एक व्यवहार दोन्हीकडे इतका सारखा आहे की तिथे पहिल्यांदाच जाणारा मराठी माणूससुद्धा अडखळत नाही. अडखळतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर. बिल आपणहून येत नाही. न मागता बिल ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला हाकलणं. त्यामुळे ‘त्सालेन, बिटं’, म्हणजे ‘पैसे द्यायचेत’, असं म्हणावंच लागतं. मग ओबर जाडजूड चामडी पाकीट घेऊन येतो, एकत्र की वेगवेगळं ते विचारतो आणि रक्कम सांगतो. टीप टेबलावर ठेवायची नाही, तिथल्या तिथे बोलून द्यायची. २७ युरो ४० सेंट झाले असतील तर ‘तीस’ म्हणायचं, की तो तिसाचाच हिशोब करतो. पाच ते दहा टक्के पुरे. चिल्लर बशीत टाकून निघून जाणं ऐटीचं वाटतं, पण त्याला ते भीक घातल्यासारखं लागतं. थोडी रोकड खिशात असू द्यावी, जुन्या ठिकाणी कार्ड काढलं की चेहरा पडतो.

काका-काकू गेल्यावर ओबर टेबलाशी परत आला. बशीत श्ट्रूडेलचे कण, टेबलाखाली घडी केलेला शहराचा नकाशा राहून गेलेला. तो त्याने उचलून काउंटरमागच्या खणात ठेवला. कप ट्रेवर गेले. मग दोन्ही भरलेले ग्लास हातात धरून तो क्षणभर थांबला, दाराकडे बघितलं. खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्राची दांडी उलटी केली आणि पान पलटलं. त्याच्यासमोर चौथा ग्लास होता, कपाचा तळ वाळून चॉकलेटी झालेला. काल सकाळी डोंगरातून निघालेलं पाणी ओबरने आत नेऊन मोरीत ओतलं, नळ सोडला आणि तेच ग्लास पुन्हा भरायला धरले.